लग्नातला आवाज

२०२४च्या डिसेंबरात नातीचं लग्न झालं. आल्यागेल्या सगळ्यांनी फोटो पाहिले, कौतुक केलं. पण त्या लग्नाचं चित्रीकरण आम्ही घरच्या घरी केलं आणि त्यात आवाजासाठी एवढा आटापिटा का केला, हे फार थोड्यांना माहीत आहे. "आजोबांना या वयात काय सुचलंय?" असं माझ्या पाठीमागे बोललं गेलंच. (माझे कान अजून शाबूत आहेत बरं का!) तर आज त्याची हकिगत सांगतो. चाळीस वर्षांच्या आसपास शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे सुरुवात जरा लांबून होणार. सवय जात नाही.

१७८३ साली पुण्यात सवाई माधवरावांचं लग्न झालं. नाना फडणविसांनी त्या लग्नाच्या व्यवस्थेच्या याद्या करवल्या होत्या, त्या आपल्याला वाचायला मिळतात. पाहुण्यांची सरबराई कशी करायची, पंगतीत काय हवं, सारं त्यात आहे. वर्गात हे सांगितलं की मुलं खूश व्हायची, कारण जेवणाचा विषय. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, पण त्या लग्नात मंगलाष्टकं कोणत्या चालीत म्हटली?" मी हसून वेळ मारून नेली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरं गोळा केली, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंडच्या खंड काढले. पण ते कागद होते. कागद माळ्यावर, कोनाड्यात, रुमालात बांधून राहतो. आवाज हवेत विरतो, आणि अठराव्या शतकात त्याला धरायची सोयच नव्हती.

सोय झाली १८७७ साली, एडिसनच्या फोनोग्राफमुळे. पुढच्याच वर्षी त्याने हे यंत्र कशाकशासाठी वापरता येईल याची एक यादी छापली. त्यात पत्रं सांगणं, पुस्तकं ऐकवणं वगैरे आहेच, पण घरातल्या माणसांचे आवाज, त्यांचे बोल, आठवणी जपून ठेवणं हेही आहे. म्हणजे यंत्र जन्मलं तेव्हाच त्याच्या बापाला घरगुती उपयोग सुचला होता! आपण मात्र पुढची शंभर वर्षं चित्राच्या मागे धावलो.

आपल्याकडे चित्र हलायला लागलं तेही मराठी माणसाच्या हातून. सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांच्या स्वागताचंही केलं. सारं मुकं. बोलपट आला १९३१च्या मार्चमध्ये, 'आलम आरा'. आणि पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. 'आलम आरा'ची एक गोष्ट मला फार आवडते. स्टुडिओजवळून रेल्वेचे रूळ जात होते, दिवसभर गाड्यांची धडधड. म्हणून चित्रण बरंचसं रात्री, गाड्या थांबल्यावर करत, आणि माइक नटांच्या आसपास लपवून ठेवत. गोंगाट टाळायचा आणि माइक तोंडाजवळ न्यायचा, या दोनच गोष्टी. नातवाला मी हे सांगितलं तर म्हणाला, "आजोबा, अजूनही तेवढंच असतं."

आता घरच्या लग्नांकडे येतो.

माझं लग्न १९७४ सालचं. चुलतभावाने कोणाचा तरी आग्फा क्लिक थ्री कॅमेरा मागून आणला होता. एका रोलात बारा फोटो. त्यातला एक मांडवाच्या खांबाचा आला आणि एकात सासऱ्यांचं मस्तक कापलं गेलं. उरले दहा. आवाजाचा प्रश्नच नव्हता. गावातल्या एका डॉक्टरांकडे आठ मिलिमीटरचा फिल्म कॅमेरा होता म्हणतात, पण तोही मुकाच आणि फिल्मची एक डबी तीन-चार मिनिटांत संपायची. आमच्यासारख्या मास्तरांनी त्याचं नावही काढायचं नाही.

मग १९७९, धाकट्या बहिणीचं लग्न. तिचे थोरले दीर मस्कतला नोकरीला होते, ते टू-इन-वन घेऊन आले. सगळा मांडव ते यंत्र बघायला लोटला. कॅसेट म्हणजे फिलिप्सने १९६३ साली काढलेली ती छोटी चपटी डबी, एव्हाना आपल्याकडे घरोघर दिसायला लागली होती. या भाऊसाहेबांनी (मी त्यांना भाऊसाहेबच म्हणतो) वायर ओढून यंत्र विजेवर लावलं आणि बोहल्याशेजारी एका पाटावर ठेवलं. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या बायका तिथून हाता-दीड हातावर. त्यात माझी बायको होती, पंचविशीतली. तिने तिच्या आईकडून आलेल्या, कोकणातल्या चालीत दोन मंगलाष्टकं म्हटली.

ती कॅसेट बहिणीकडे राहिली. भाऊसाहेब शिस्तीचे. लग्न झाल्याबरोबर त्यांनी कॅसेटच्या मागच्या कडेची दोन्ही प्लास्टिकची पानं मोडून टाकली. तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, ती पानं मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच जात नाही. तेव्हा बहीण कुरकुरली होती, की चांगली नव्वदची कॅसेट वाया घालवली, नंतर गाणी तरी भरता आली असती.

आता खरं सांगायचं ते १९९८चं. मुलीचं लग्न. तोवर व्हिडिओचं युग येऊन मुरलं होतं. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरदर्शन आलं, मागोमाग व्हीसीआर आले, मग खांद्यावर कॅमेरा आणि हातात डोळे दिपवणारा दिवा घेतलेले व्हिडिओवाले. 'हम आपके हैं कौन' १९९४ साली आला आणि प्रत्येक लग्न त्याच्यासारखं दिसायला हवं झालं. बदामाच्या आकारात नवरानवरी, फुलांच्या पाकळ्या उडतायत, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी. आम्हीही एका माणसाला काम दिलं. स्वस्तातलं, कारण मास्तराचं बजेट.

बायकोने लेकीसाठी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं. शार्दूलविक्रीडित, ओळीला एकोणीस अक्षरं. आठवडाभर ती पोळ्या लाटता लाटता बोटांवर गण मोजत होती. मराठी माझाही विषय, तेव्हा एके ठिकाणी मात्रा चुकल्याचं मी दाखवलं, त्यावर दोन दिवस अबोला. शेवटी ते मी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं आणि तिने कार्यालयात माइकवर म्हटलं. त्या वेळी माझे डोळे भरून आले होते. माझं लक्ष कुठे होतं आणि कुठे नाही, देवच जाणे.

पंधरा दिवसांनी व्हिडिओवाला विचारायला आला, "सर, मूळ आवाज ठेवायचा का? भांड्यांचा आवाज, पोरांची रडारड फार आलीय. गाणी टाकली तर छान वाटेल." मी म्हटलं, "काढून टाका."

हे शब्द माझे. त्याने नीट विचारलं होतं.

कॅसेट आली. बघितली, सगळ्यांना आवडली. बायको पडद्यावर कागद हातात धरून गातेय आणि वर कुठल्या तरी सिनेमातलं युगुलगीत वाजतंय. ती तेव्हा हसली होती. "बघा, माझा आवाज किती छान लागलाय!" म्हणाली. २०११ साली ती गेली. त्यानंतर मी ती कॅसेट एकदाच लावली.

पुढे व्हीसीआर बिघडले, दुरुस्त करणारे संपले. जगात नवीन व्हीसीआर बनवणारा शेवटचा जपानी कारखानाही २०१६ साली थांबला. नातवाने धोशा लावला म्हणून आम्ही पुण्यात एका गृहस्थांकडे गेलो, ते जुन्या कॅसेटी संगणकात उतरवून देतात. त्यांच्याकडून मला कळलं ते इथे लिहून ठेवतो, कदाचित कोणाच्या उपयोगी पडेल.

व्हीएचएसच्या फितीवर चित्र तिरप्या रेघांनी भरलेलं असतं आणि आवाज फितीच्या कडेने एका अरुंद पट्टीत. आता फीत पळते किती वेगाने? आपली गाण्याची साधी कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. व्हीएचएस जेमतेम २.३४. म्हणजे एवढ्या महागड्या व्हिडिओची आवाजाची पट्टी गाण्याच्या कॅसेटच्या अर्ध्या वेगाने सरकत होती! वेग कमी, की बारीक, धारदार ध्वनी टिपले जात नाहीत. स, श, च हे सारे गोधडीखालून आल्यासारखे. लग्नाच्या व्हिडिओतलं बोलणं आपल्याला कधी नीट का कळलं नाही, त्याचं अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं, माइक कॅमेऱ्यावर आणि कॅमेरा वीस फुटांवर. ध्वनीचा हिशेब कडक असतो. अंतर दुप्पट झालं की ताकद चौथाई.

आणि वाईट बातमी अशी की कडेची ही पट्टी वेगळी असल्यामुळे, चित्राला हात न लावता फक्त आवाज पुसून त्यावर दुसरा भरता यायचा. आमच्या माणसाने दुसरी कॅसेट वाचवण्यासाठी नेमकं तेच केलं होतं, मूळ कॅसेटवरच. ते गृहस्थ म्हणाले, "एक आशा आहे. काही भारी कॅमेरे हाय-फाय आवाज चित्राच्याच रेघांखाली भरायचे. तो असेल तर गाण्यांच्या खाली मूळ आवाज अजून शिल्लक असेल." त्यांनी कॅसेट लावली. मी खुर्चीच्या हातावर बोटं आवळून बसलो होतो. त्यांनी एक बटण फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मान हलवली. साधा कॅमेरा होता. स्वस्तातला.

मंगलाष्टकाचा कागद माझ्याकडे आहे. माझ्याच अक्षरातला.

परतताना बहिणीकडे थांबलो. जेवताना तिला हे सांगितलं, तर ती उठून आत गेली आणि बांगड्यांच्या डब्यातून १९७९ची कॅसेट काढून आणली. इतक्या वर्षांत निदान दहा वेळा कोणीतरी त्यावर गाणी भरायचा प्रयत्न केला असणार, पण भाऊसाहेबांनी पानं मोडलेली! नातवाने ती उतरवून घेतली. स्टोव्हची घरघर, एका मुलाचं रडणं (तो मुलगा आता बँकेतून निवृत्त झालाय), गुरुजींचा खोकला, आणि मध्ये तिचा आवाज. फक्त जरा चिरका, घाईत म्हटल्यासारखा. मी म्हटलं, "ही इतक्या वरच्या पट्टीत गात नव्हती." नातू म्हणाला, "मग बघतो." यंत्रांचे वेग थोडे मागेपुढे असतातच. पण आपल्याकडच्या विजेची गुणगुण सेकंदाला पन्नास कंपनांची असते आणि ती त्या रेकॉर्डिंगमध्ये मागे बारीक येत होती. ती बावन्नवर भरली. याचा अर्थ फीत चार टक्के जोरात पळतेय. त्याने गुणगुण पन्नासवर आणून ठेवली आणि आवाज खाली उतरला, सावकाश झाला. ती बोलत असे तसा. मी उठून गॅलरीत गेलो.

तर नातीच्या लग्नात आवाजासाठी हट्ट धरला तो यामुळे.

जावयांनी चित्रीकरणाचे दर काढले, ते दीड लाखाच्या पुढे. पोरीनेच सांगितलं, फोटोवाला तेवढा सांगा, बाकी घरचे करतील. माणसं सव्वाशे. घरात चांगले फोन चार. आम्ही विकत घेतलं ते असं: तारेचे दोन कॉलर माइक १,७०० रुपये, दोन तिवया २,६००, दोन मेमरी कार्डं १,८००, आणि चिकटपट्ट्या, स्पंज, सेल मिळून ३००. एकूण ६,४००. हातात मावणारं छोटं रेकॉर्डर नातवाच्या मित्राने दोन दिवस उसनं दिलं.

नातवाचं धोरण होतं, की चित्र आणि आवाज यांचा संसार वेगळा मांडायचा. दोन फोन तिवयांवर पक्के बसवलेले, एक सबंध बोहलं दाखवणारा, एक जवळून. त्यांचा आवाज फक्त नंतर जुळवणीसाठी. खरा आवाज तोंडाजवळ. गुरुजी तरुण होते, कॉलर माइक लावायला आनंदाने तयार झाले. पण पीतांबराला खिसा कुठला? माझ्या बहिणीने बटवा दिला, त्यात फोन, आणि बटवा कमरेला. फोन विमानातल्यासारखा बंद करून ठेवायचा, नाहीतर नेमका सप्तपदीत कोणा मावशीचा फोन यायचा. रेकॉर्डर मंगलाष्टकांच्या माइकच्या दांडीला चिकटपट्टीने बांधलं. कार्यालयाच्या साउंडवाल्याकडून एक तार तिसऱ्या फोनला घेतली होती, पण आदल्या दिवशी ऐकलं तर आवाज फाटलेला, तो कमी करून घ्यावा लागला. हेडफोन लावून आधी ऐकून बघितलं नसतं तर कळलंही नसतं. यंत्राला आपोआप आवाज ठरवू द्यायचा नाही, हेही मी तिथेच शिकलो. ताशा कडाडला की ते घाबरून कान मिटून घेतं आणि पुढचे पाच-दहा शब्द गिळतं. हाताने पातळी ठरवायची, थोडी कमीच.

जुळवणीसाठी सुरुवातीला सगळी यंत्रं चालू करून नातवाने मध्ये उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवली. सिनेमातल्या पाटीसारखी. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये ती टाळी एका रेषेत आणली की झालं. (तासाभरात यंत्रं एकमेकांपासून किंचित सरकतात, मग अंतरपाट धरायच्या आधी आणखी एक टाळी.) एका गोष्टीचा मात्र कोणीच विचार केला नव्हता, ती म्हणजे अक्षता! प्रत्येक 'सावधान'ला तांदूळ येऊन माइकवर आदळणार, गारा पडल्यासारखे. तालमीच्या वेळी बहिणीने मूठभर टाकून दाखवले, तेव्हा ध्यानात आलं. मग स्पंजचं टोपडं घातलं. सनईवाल्यांना आणि ताशेवाल्यांना हात जोडून सांगितलं, शेवटचं 'सावधान' संपून मोजून तीन अंक म्हणा आणि मग काय दणका द्यायचा तो द्या. समर्थ पहिल्याच 'सावधान'ला पळाले म्हणतात, आमच्या ताशेवाल्यांना थोपवणं त्याहून कठीण गेलं.

दांडीवरच्या रेकॉर्डरचं बटण दाबायचं काम मी मागून घेतलं होतं. वेळ आली. माझी मुलगी आईचा कागद घेऊन माइकशी आली. नावं बदललेली, चाल तीच, १९७९च्या कॅसेटवरून महिनाभर बसवलेली. मी बटण दाबलं, लाल दिवा लुकलुकायला लागला, मी हात मागे घेतला. पहिलं मंगलाष्टक संपत आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दिवा लुकलुकतोय, स्थिर नाही. पहिल्यांदा दाबलं की ते नुसतं तयार होतं, दुसऱ्यांदा दाबलं की चालू होतं. आदल्या दिवशी नातवाने मला तीनदा शिकवलं होतं! दुसऱ्यांदा दाबलं. तोवर आईचं मंगलाष्टक म्हणून झालं होतं.

रात्री सगळे झोपायला गेल्यावर मी नातवाला सांगितलं. वर्गात चुकलेल्या पोरासारखा उभा होतो. तो रागावला नाही. त्याने साउंडवाल्याची तार बघितली. त्यावर आवाज होता, पण कोरडा, जसा टेलिफोनवर येतो. मग गुरुजींच्या बटव्यातलं लावलं. गुरुजी तिच्यापासून पाच-सहा फुटांवर, कॉलरचा माइक भलतीकडे तोंड केलेला; तरीही लेकीचा आवाज होता. जरा लांबून, कार्यालयाच्या घुमाऱ्यासकट, मागे बांगड्या आणि तांदळाची तुरळक टपटप. दोन्ही आवाज एकावर एक बसवून त्याने काम चालवलं. "पहिलं मंगलाष्टक जुन्या कॅसेटसारखं येतंय," म्हणाला. खोटं नव्हतं ते.

तो आता सबंध लग्न जोडून बसलाय. सगळ्याच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत, एक बहिणीच्या बांगड्यांच्या डब्यात. परवा त्याने विचारलं, "आजोबा, वरातीत जनरेटरचा आवाज फार आलाय. तिथे एखादं गाणं टाकू का?" मी म्हटलं, "वरातीत टाक हवं तर. पण खालचा आवाज पुसू नकोस, नुसता बारीक कर."